छायाचित्राचा कागद : कोणता घ्यावा, कोणता टाळावा

ज्या घरांत तीन-चार पिढ्यांचीं पुस्तकें एकाच कपाटांत राहत आलीं आहेत, त्या घरीं एक चमत्कार सहज पाहावयास मिळतो. १९३० च्या सुमारास कोणी हौसेनें बांधून घेतलेला मासिकाचा खंड उघडावा, तों पानाची कड बोट लागतांच तुटून पडते. पान पिवळें, किंबहुना तपकिरी झालेलें असतें. त्याच कपाटांत तांबड्या फडक्यांत गुंडाळलेली, दीडदोनशें वर्षांपूर्वीं हातानें लिहिलेली पोथी असते. तिचें पान मात्र कापडासारखें वांकतें आणि शाई कालच वाळल्यासारखी काळीभोर दिसते. जुनें टिकलें आणि नवें मोडलें, हें असें कां व्हावें? याचें उत्तर लेखकांत नाहीं, शाईंत नाहीं. तें कागदांत आहे. पोथीचा कागद चिंध्या, दोर, गोणपाट यांच्या बळकट तंतूंचा. मासिकाचा कागद लाकडाच्या लगद्याचा, आणि त्यांत तुरटीचें आम्ल मुरलेलें.

हा विषय आम्हीं आज काढला, त्याचें निमित्त छायाचित्रांचें आहे. मोबाइल घरोघर आल्यापासून एका बारशाचीं पांचशें चित्रें निघतात आणि त्यांतलें एकहि कागदावर उतरत नाहीं. यंत्र बिघडलें किंवा बदललें, कीं त्यांतील बरींच चित्रें कायमचीं जातात. म्हणूनच कीं काय, अलीकडे कित्येक हौशी लोक एकोणिसाव्या शतकांतील हातछपाईच्या पद्धतींकडे पुन्हां वळले आहेत. कागदावर आपल्या हातानें रसायनाचा लेप द्यावयाचा, त्यावर निगेटिव्ह ठेवून तो उन्हांत धरावयाचा, आणि पाण्यांत धुवून चित्र काढावयाचें, असा हा उद्योग आहे. सुटीच्या दिवसांत घरांतील वडील माणसांनीं मुलांसह करण्यासारखा तो आहे. परंतु रसायनें कोठें मिळतील हें जो तो विचारतो. कागद कोणता घ्यावा हें फार थोडे विचारतात. वस्तुतः चित्र साधणें आणि टिकणें या दोन्ही गोष्टी प्रथम कागदावर अवलंबून आहेत.

चित्र कागदावर नव्हे, कागदांत

दुकानांतून मिळणाऱ्या छायाचित्राच्या कागदावर बहुधा एक स्वतंत्र थर दिलेला असतो आणि चित्र त्या थरांत असतें. खालचा कागद हा केवळ आधार. हातछपाईंत असा थर नसतो. रसायन कागदाच्या तंतूंत शिरतें आणि चित्र त्या तंतूंतच उमटतें. म्हणून कागदाचा प्रत्येक गुण व प्रत्येक दोष चित्राचा गुण वा दोष होतो.

या पद्धतींपैकीं सर्वांत सोपी व कमी खर्चाची ती सायनोटाइप, म्हणजे निळें छायामुद्रण. सर जॉन हर्शेल यांनीं ती १८४२ सालीं शोधून काढली. युरेनस ग्रह शोधून काढणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे चिरंजीव. स्वतःहि मोठे ज्योतिषी होते. लोहाचीं कांहीं लवणें उन्हानें पालटतात आणि फेरिसायनाइडच्या सान्निध्यांत त्यांचा गडद निळा रंग बनतो. हा रंग पाण्यांत विरघळत नाहीं. तो तंतूंत अडकून राहतो, आणि जेथें ऊन लागलें नाहीं तेथील रसायन पाण्याबरोबर वाहून जातें. इंजिनियरांच्या कचेऱ्यांतून पूर्वीं निळ्या भूमीवर पांढऱ्या रेघांचे जे नकाशे निघत, ते याच पद्धतीचे. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या विदुषीनें १८४३ पासून समुद्रांतील शेवाळांचीं चित्रें याच रीतीनें छापून त्यांचें पुस्तक सिद्ध केलें. त्याच्या उरलेल्या प्रती आज संग्रहालयांत आहेत आणि त्यांचा निळा रंग अद्याप मनोहर आहे. चिंध्यांचा उत्तम कागद आणि काळजीपूर्वक जपणूक, या दोहोंचें हें फळ होय.

कागदाची पारख त्या काळींहि सोपी नव्हती. छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकीं एक, टॅल्बट, हे लिहिण्याचा उत्तम विलायती कागद घेऊन त्यावर आपले प्रयोग करीत. व्हॉटमन यांच्या गिरणीच्या कागदाची तेव्हां मोठी ख्याति होती. पुढें चांदीच्या लवणांनीं छपाई करण्याचा प्रघात वाढला, तसें लोकांच्या ध्यानीं आलें कीं कागदांत लोखंडाचा कण राहिला तर त्या जागीं चित्रावर काळा ठिपका उमटतो. अशा कणांपासून मुक्त कागद करावयाचा तर कारखान्याचें पाणीच निर्मळ हवें. तें पाणी फ्रान्समधील रीव्ह आणि त्या वेळीं प्रशियाच्या राज्यांत असलेलें माल्मेडी या दोन ठिकाणीं होतें. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जगांतील छायाचित्रांचा बहुतेक कच्चा कागद या दोन गांवांहून जाई. आपल्याकडे मुंबईस १८५४ सालींच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे आरंभींच्या भारतीय छायाचित्रकारांत गणले जातात. त्या पिढीच्या छायाचित्रकारांस आपला कागद आपणच सिद्ध करावा लागे. ती विद्या मध्यंतरीं लोपली. आतां ती पुन्हां शिकावयाची आहे.

आम्ल आणि क्षार यांचा झगडा

आतां या लेखांतील मुख्य गोष्ट सांगतों. कागदाचा शत्रु आम्ल आणि निळ्या चित्राचा शत्रु क्षार, असा हा दुहेरी पेंच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं राळ आणि तुरटी यांची खळ कागदाच्या लगद्यांतच मिसळण्याची रीत युरोपांत निघाली. ती स्वस्त होती म्हणून सर्वत्र पसरली. परंतु तुरटीचें आम्ल तंतूंस आंतून कुरतडीत राहतें. वर सांगितलेल्या मासिकाच्या खंडाची दशा मुख्यतः त्यामुळेंच होते. हा दोष उमगल्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बहुतेक गिरण्यांनीं रीत बदलली, आणि कागदांत खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, भुकटी घालण्यास आरंभ केला. पुढेंमागें हवेंतून आम्ल शिरलें तर हा खडू त्यास मारतो. टिकाऊ कागदासाठीं १९९४ सालीं जें आंतरराष्ट्रीय मानक ठरलें, त्यांतहि असा राखीव क्षार किमान २ टक्के खडूइतका असावा अशी अट आहे. पुस्तकें आणि दस्तऐवज यांस ही योजना हितावह आहे, यांत शंका नाहीं.

पण निळ्या छायाचित्राचें गणित अगदीं उलट आहे. तो निळा रंग सौम्य आम्लांत सुखरूप राहतो आणि क्षारांत मरतो. क्षार लागला कीं निळा रंग फुटून त्याचा तांबूस-पिवळा लोहगंज उरतो. म्हणून दुकानदार ‘आम्लविरहित, शंभर वर्षें टिकणारा’ म्हणून जो महाग कागद पुढें करतो, त्यांत खडू असेल तर तोच या कामास घातक ठरतो. चित्र प्रथम फिकें उमटतें, आणि मागाहून हळूहळू आणखी विरतें. बिचारा नवशिका मात्र रसायनांस दोष देतो!

तर मग आम्लयुक्त कागद घ्यावा काय? तेंहि नको; कारण चित्र राहील, पण कागद जाईल. मार्ग मधला आहे. ज्याचे तंतु मुळांतच शुद्ध आहेत, ज्यांत तुरटी नाहीं आणि खडूहि नाहीं, असा निखळ कापसाचा कागद पाहिजे. शुद्ध तंतूंस स्वतःचें आम्ल जवळजवळ नसतें, म्हणून त्यांस क्षाराच्या पहाऱ्याचीहि तितकी गरज पडत नाहीं. अशा कामासाठीं मुद्दाम बनविलेले कागद आज मिळतात. फ्रान्सचा आर्श प्लॅटीन आणि जर्मनीचा हानेम्यूले प्लॅटिनम रॅग हे त्यांपैकीं नांवाजलेले. ते महाग आहेत. परंतु आरंभीं एक ताव विकत घ्यावा आणि त्यावर उमटलेलें चित्र इतर कागदांसाठीं माप म्हणून जवळ ठेवावें, अशी आमची सूचना आहे. २२ × ३० इंचांच्या एका तावाचे साडेसात × अकरा इंचांचे आठ तुकडे निघतात, म्हणजे खर्च वाटतो तितका पडत नाहीं.

चांगल्या कागदाचीं लक्षणें

पहिलें लक्षण तंतु. वेष्टणावर ‘१०० टक्के कापूस’ असें स्पष्ट लिहिलेलें असावें. केवळ ‘चित्रकलेचा कागद’ एवढ्यावर विसंबूं नये.

दुसरें वजन. चौरस मीटरास २०० ते ३०० ग्रॅम वजनाचा कागद नवशिक्यास बरा. याहून पातळ कागदावर सुंदर कामें होतात, पण ओला असतां तो सांभाळण्यास सरावाचा हात लागतो.

तिसरें खळ. खळ अजिबात नसेल तर रसायन टीपकागदांत शिरावें तसें खोल शिरतें, चित्र मलूल होतें, आणि उरलेलें रसायन धुतां धुतां निघत नाहीं. खळ फाजील असेल तर लेप वरच तरंगतो आणि धुतांना अर्धें चित्र पाण्यांत जातें. पाण्याचा थेंब ठेवला असतां कांहीं क्षण थांबून मग सावकाश मुरावा, ही योग्य खळीची खूण.

चौथें पोत. चेहरे, दागिने, अक्षरें यांसाठीं गुळगुळीत, म्हणजे ज्यास चित्रकार हॉट प्रेस म्हणतात तो कागद घ्यावा. पानें, फुलें, झाडें यांच्या ठशांस थोडा खरबरीत कागदहि शोभतो.

पांचवें लक्षण नकारार्थी आहे. कागद डोळे दिपविण्याइतका पांढरा नसावा. असा पांढरेपणा पुष्कळदां चमक आणणाऱ्या रसायनांचा असतो, आणि तो कालांतरानें मावळतो. नोटा पारखण्याचा जांभळ्या प्रकाशाचा लहान दिवा मिळाल्यास त्याखालीं कागद धरून पाहावा. निळसर उजळून निघाला तर त्यांत तीं रसायनें आहेत असें समजावें. कापसाचा नैसर्गिक रंग किंचित् सायीसारखा असतो; त्याच रंगावर निळें चित्र अधिक खुलतें.

घरच्या घरीं करावयाच्या कसोट्या

वेष्टणावरील वचनांपेक्षां स्वतः घेतलेली परीक्षा बरी. प्रत्येक कागदाच्या चार-चार बोटें रुंद पट्ट्या कापाव्या, मागें शिसपेन्सिलीनें नांव व तारीख लिहावी, आणि क्रमानें पुढील कसोट्या लावाव्या.

प्रथम एक पट्टी तासभर साध्या पाण्यांत बुडवून ठेवावी व नंतर एका कोपऱ्यास धरून उचलावी. फाटली, किंवा पृष्ठभागावर लव सुटली, तर तो कागद बाद. हातछपाईंत कागद दीर्घकाळ पाण्यांत राहावयाचा असतो.

दुसरी कसोटी खडूची. पट्टीवर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब टाकून भिंगानें पाहावें. बारीक बुडबुडे उठले तर कागदांत खडू आहे हें निश्चित. न उठले तरी तो अल्प असूं शकतो, म्हणून पुढची कसोटी सोडूं नये. हळद क्षारानें तांबडी होते, आणि त्याच गुणावर घरगुती कुंकू बनतें, हें आमच्या भगिनींस सांगावयास नको. पण कागदांतला खडू इतका सौम्य असतो कीं येथें हळदीचा कौल निर्णायक मानतां येत नाहीं.

तिसरी कसोटी रसायनाची. अंधाऱ्या खोलींत पट्टीवर लेप द्यावा आणि ती रात्रभर तेथेंच वाळूं द्यावी. सकाळीं लेप पिवळसर-पोपटी असला तर कागद निर्मळ आहे. उन्हाचें तोंड न पाहतांच तो निळसर पडूं लागला, तर त्या कागदांत रसायनास बिघडविणारें कांहीं आहे.

चौथी व शेवटची कसोटी नाण्याची. लेपावर एक रुपया ठेवून पट्टी उन्हांत धरावी आणि मग स्वच्छ धुवावी. नाण्याखालील वर्तुळ कागदाच्या मूळ रंगाइतकें शुभ्र निघालें पाहिजे. तें पिवळट किंवा निळसर राहिलें तर खळींत अथवा धुण्यांत दोष आहे. ही पट्टी महिनाभर वहींत ठेवून पुन्हां पाहावी. क्षारयुक्त कागद असेल तर निळा रंग उतरूं लागलेला दिसेल. या चार कसोट्यांचें टिपण मुलांकडून ठेवविल्यास त्यांस रसायनशास्त्राचा एक धडा आयताच मिळेल.

आपला देशी हातकागद

येथें कोणी विचारील, कीं परदेशी कागदच कां? आपल्या देशांत कागदाची परंपरा नव्हती काय? होती, आणि ती मोठी होती. जुन्नर आणि दौलताबादेजवळील कागजीपुरा हीं गांवें कागदासाठीं प्रसिद्ध होतीं. आपले कागदी लोक कागदास पिठाची खळ देत आणि गुळगुळीत दगडानें तो घोटीत. जुन्या पोथ्यांच्या पानांवरील मंद चकाकी त्या घोटण्याची आहे. पुढें गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या चळवळींतून या धंद्यास पुन्हां चालना मिळाली. पुण्यास १९४० सालीं हातकागदाची संस्था निघाली ती याच काळांत. जयपूरजवळील सांगानेर येथेंहि हा धंदा मोठा आहे. या ठिकाणीं कापड-कारखान्यांतील सुती कात्रणें कुटून कागद करतात, म्हणजे तंतु उत्तम असतो.

अडचण तंतूची नाहीं. ती खळीची आणि खडूची आहे. हा कागद बहुधा लग्नपत्रिका, वह्या, पिशव्या यांसाठीं बनतो; छायाचित्राच्या गरजा कारागिरापुढें नसतात. एका खेपेचा कागद उत्कृष्ट निघतो आणि दुसऱ्या खेपेचा पाण्यांत विरघळूं लागतो. यास्तव देशी कागद घ्यावा, पण प्रत्येक खेपेची परीक्षा करून घ्यावा. आणि एकदां चांगली खेप सांपडली कीं वर्षाची बेगमी करून ठेवावी. कारखान्यांत प्रत्यक्ष जातां आलें तर ‘तुरटी नको, खडू नको’ एवढें सांगून थोडे ताव मुद्दाम करवून घ्यावे.

खडू असलेला पण एरवीं चांगला कागद हातीं असेल तर तो सुधारतां येतो. सल्फॅमिक आम्लाच्या दहा टक्के द्रावणांत कागद बुडवावा; बुडबुडे उठावयाचे थांबले म्हणजे काढून पाण्यानें दोन-तीन वेळां धुवावा व वाळवावा. हें काम हातमोजे घालून वडील माणसानेंच करावें. खळ कमी असेल तर अडीच-तीन टक्के जिलेटिनच्या कोमट पाण्यांतून कागद काढावा. ज्यांस जिलेटिन वर्ज्य आहे त्यांनीं आरारोटाची पातळ खळ मऊ कुंचल्यानें द्यावी.

कृति थोडक्यांत

फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्यें, आणि पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलिलिटरमध्यें विरघळवावें. दोन्ही द्रावणें निरनिराळ्या रंगीत बाटल्यांत ठेवावीं व कामाच्या वेळीं समभाग मिसळावीं. आठ × दहा इंचांच्या चित्रास सुमारें दोन मिलिलिटर पुरतें. मंद पिवळ्या दिव्याच्या उजेडांत, धातूची पट्टी नसलेल्या कुंचल्यानें पातळ व सारखा लेप द्यावा आणि अंधारांत वाळवावा. मग वर निगेटिव्ह, त्यावर कांच, आणि ऊन. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत पांच-दहा मिनिटें बहुधा पुरतात. ढगाळ दिवशीं वेळ कितीतरी वाढतो. गडद भाग राखाडी, कांशासारखे दिसूं लागले कीं उचलावें आणि पिवळें पाणी निघावयाचें थांबेपर्यंत धुवावें. विहिरीचें जड पाणी क्षारयुक्त असतें, म्हणून पहिल्या पाण्यांत थोडें व्हिनेगर घालावें. खरा निळा रंग एका दिवसांत हवेनें चढतो.

फेरिसायनाइड हें सामान्य वापरांत फारसें विषारी नाहीं. परंतु तीव्र आम्ल किंवा विस्तव यांशीं त्याचा संबंध येऊं देऊं नये, कारण त्यांतून विषारी वायु निघतो. या कामाचीं भांडीं स्वयंपाकघरांत पुन्हां नेऊं नयेत आणि बाटल्या लहान मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत, हें वेगळें सांगावयास नको.

इतर पद्धतींचे हट्ट थोडे निराळे असतात. प्लॅटिनम-पॅलॅडियमची छपाई खडूस निळ्या छपाईइतकीच विटते. गोंदाच्या छपाईंत एकाच कागदावर अनेकदां लेप द्यावे लागतात, म्हणून कागद आधीं गरम पाण्यांत भिजवून, वाळवून, आकसवून घ्यावा. नाहीं तर दुसरा ठसा पहिल्यावर बरोबर बसत नाहीं. जो निळ्या छपाईनें कागद पारखावयास शिकला, त्यास या पुढच्या वाटा अवघड नाहींत.

शेवटीं जपणुकीविषयीं दोन शब्द. निळें चित्र खिडकीसमोर टांगूं नये. प्रखर उजेडानें तें फिकें पडतें. तसें झाल्यास कांहीं काळ अंधारांत ठेवावें. गेलेला रंग पुष्कळसा परत येतो. मागें लावावयाचा पुठ्ठा आणि वर घालावयाचा पातळ कागद हेहि खडूविरहित असावेत, आणि साबण किंवा सोडा यांचा स्पर्शहि होऊं देऊं नये.

बहुतेक जुन्या घरांत पेटीच्या तळाशीं बॉक्स कॅमेऱ्यानें घेतलेल्या निगेटिव्ह पडलेल्या असतात. त्यांतील माणसें ओळखणारे वृद्ध आज आहेत, पुढें असणार नाहींत. त्या निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापतां येतात; यंत्र लागत नाहीं, अंधारखोली लागत नाहीं. आमच्या वाचकांनीं दिवाळीच्या सुटींत हा उद्योग अवश्य करावा, प्रत्येक चित्रामागें शिसपेन्सिलीनें नांव, नातें व साल लिहावें, आणि तीं चित्रें कपाटांत त्या पोथीशेजारीं ठेवावीं. तेथें शेजार शोभेल असा कागद मात्र आधीं निवडून घ्यावा.